वेळ संपल्यावर मिळालेली पेनल्टी

आमच्या शाळेच्या ऑफिसात कबड्डीवाल्यांचे फोटो आहेत, खो-खोवाल्यांचे आहेत, अगदी एका वर्षी वक्तृत्वात तिसऱ्या आलेल्या मुलाचासुद्धा आहे. मुलींच्या रग्बीचा एकही नाही. त्यामुळे आमचं सगळं तोंडी. कोणी विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या टीमचं काय झालं हो?", की मी एक किस्सा सांगते. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो. समोरची बाई हसत असते आणि मी मनात म्हणते, हे हसण्यासारखं होतं का नक्की? असं करत करत इतके किस्से साचलेत की आता सांगायच्या आधी मला क्रम लावावा लागतो.

मी त्यात कशी आले ते आधी सांगते. मूल गावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. खेळाशी माझा संबंध एवढाच, की माझी अडीच वर्षांची रेवू झोपेतसुद्धा लाथा मारते. मुलींची टीम बाहेरगावी न्यायची तर सोबत एक बाई लागते. स्टाफमध्ये आम्ही चौघी. एकीची कंबर, एकीचे सासरे, एकीचे उपवास. माझ्याकडे फक्त लहान मूल होतं, आणि ते कारणात धरत नाहीत. "मूल काय, कडेवर येते," हेडमास्तर म्हणाले.

वर आमचे पीटीचे बोरकुटे सर म्हणाले, "मॅडम, रग्बीचे नियम सगळे इंग्रजीत आहेत. अन् तुमचं इंग्रजी आहे. जमलं की मग."

रग्बीच का, हेही सरांनी नीट विचार करून ठरवलं होतं. "कबड्डीत जिल्ह्यात टीमवर टीम पडली आहे. रग्बीत बोटावर मोजा. पोरी पडल्या तरी दुसरा नंबर येतोच."

*

पहिला बॉल आला तेव्हा पोरींनी तो घरोघरी नेऊन दाखवला. करुणाने तिच्या घरी नेला. करुणा आमची कॅप्टन, बारावीची, तलावाकाठच्या वस्तीतली. वडील तलावात मासे धरतात, आई बाजारात विकते. करुणा लहानपणापासून जाळं ओढते, त्यामुळे तिच्या हातातून बॉल सुटणं म्हणजे बातमी.

तिच्या वडिलांनी बॉल हातात घेतला, फिरवला, दाबला, पोरीला परत दिला.

"हा पिचकलेला काऊन देल्ला?"

"बाबा, असाच राह्यते तो."

"असं सांगतलं तुले? गोल असता तं पोरायले देल्ला असता."

करुणाने हे आम्हाला मैदानावर हसत हसत सांगितलं. सरसुद्धा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की शाळेतले झाडून सगळे गोल बॉल खरंच पोरांकडे होते. ते शिट्टी पुसत बसले.

*

आता करुणाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिला पोलीस व्हायचं होतं. आमच्याकडे ते नवीन नाही. सकाळी रस्त्यावर निघालात तर अर्धा तालुका भरतीसाठी पळताना दिसतो. पळण्यात करुणाला तोड नव्हती. पण लेखी परीक्षेत तिचं काही खरं नाही, हे तिला आणि तिला इंग्रजी शिकवणाऱ्या मला, दोघींना पक्कं माहीत होतं. एकच वाट होती. राज्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत यायचं, म्हणजे खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करता येतो. शाळेकडून खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. नाही जमलं तर होळीच्या आधी आईबापासोबत तेलंगणात मिरची तोडायला. ते तिथे दरवर्षी जातात. गाडी येते, मुकादम नावं घेतो, माणसं बसतात.

"मॅडम, मिरची तोडल्यावर हात डोयाले लावला तं दिवसभर रडते मानूस," तिने एकदा मला सांगितलं. "पन एक चांगलं आहे. कोनी विचारत नाई काऊन रडते म्हनून."

*

मी जन्मजात घाबरट. रेवू पायरी उतरते तेव्हा माझा श्वास अडकतो, आणि इथे धावत येणाऱ्या पोरीच्या कमरेत खांदा घालून तिला आडवी करणं हा खेळाचा मुख्य भाग. त्याला टॅकल म्हणतात. पहिले दोन महिने मी प्रत्येक टॅकलला डोळे मिटून ओरडायची, "अगं सांभाळून."

शेवटी नसरीन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नसरीन म्हणजे आमची किक मारणारी. वडिलांचं बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान, पोरगी काडीपैलवान, आणि जीभ वडिलांच्या कात्रीसारखी.

"मॅडम, सांभाळून टॅकल कसा करते, तुम्ही एकडाव दाखवा ना आमाले."

त्या दिवसापासून मी डोळे मिटते, पण तोंड पण मिटते.

*

नियम मी शिकवले. म्हणजे मीच आदल्या दिवशी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी चेहरा सरळ ठेवून सांगायचे. सात-सात जणींचा खेळ. बॉल हातात घेऊन पळायचं, पास फक्त मागे द्यायचा, आणि समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की पाच गुण. तो ट्राय. त्यावर गोलावर एक किक मिळते, लागली तर आणखी दोन. इथवर सोपं.

पोरींना आवडला तो वेळ संपण्याचा नियम. वेळ संपली म्हणून रग्बीत लगेच मॅच संपत नाही. बॉल मरावा लागतो. बॉल मैदानाबाहेर गेला, की मेला, की शिट्टी.

"म्हणजे बॉल जिता आहे तोवर मॅच जिती," करुणा म्हणाली. माझ्या दोन पानांच्या भाषांतरापेक्षा हे बरं होतं. मी वहीतलं खोडून तेच लिहिलं.

मग मी पुढचं सांगितलं. वेळ संपल्यावर समोरच्या टीमने गुन्हा केला आणि आपल्याला पेनल्टी मिळाली, तर तेव्हाही मॅच संपत नाही. आपल्याला विचारतात, काय घेता? गोलावर किक घ्या, लागली तर तीन गुण. नाहीतर पायाचं टोक लावून बॉल उचला आणि पळत सुटा. नाहीतर स्क्रम मागा, म्हणजे दोन्हीकडच्या पोरी खांद्याला खांदा भिडवून बॉलसाठी रेटारेटी करतात. नाहीतर बॉल थेट मैदानाबाहेर मारा. एरवी मरणारा बॉल इथे मरत नाही. जिथून बाहेर गेला तिथे दोन्ही टीम रांग लावून, पोरींच्या भाषेत लाइन लावून, उभ्या राहतात आणि आपली पोरगी बॉल आत फेकते. मॅच चालू.

पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला वाटलं, कळलं नाही.

नसरीन म्हणाली, "टाइम संपल्यावर पन विचारते? काय पायजे म्हनून?"

"हो."

"आमच्या घरी टाइम असतानीच कोनी नाई विचारत."

*

हा नियम जिल्ह्यात आमच्याशिवाय कोणी वाचलेला नव्हता, हे आम्हाला ब्रह्मपुरीत कळलं. जिल्ह्याची फायनल. आमचे गुण पाच, त्यांचे सात. वेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि त्याच क्षणी समोरच्या पोरीने करुणाची मान धरून तिला पाडलं. रेफरीने शिट्टी मारून हात वर केला. पेनल्टी आम्हाला.

पण भोंगा वाजला होता. माइकवाल्याने विजेत्या टीमचं नाव घेतलं. त्यांच्या पोरी पाणी प्यायला बाहेर निघाल्या, वार्ताहराने त्यांना ओळीत उभं करून फोटो काढला. आणि बोरकुटे सर, आमचे सर, आत जाऊन त्यांच्या सरांचं अभिनंदन करायला लागले.

रेफरी बाहेरचा, तरुण पोरगा. तो करुणाला म्हणाला, "कॅप्टन, बोला. काय घेता?"

करुणाने एकदा रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. बॉलला पाय लावला, उचलला आणि चालत गेली. पळालीसुद्धा नाही. गोलाच्या खांबांच्या बरोबर मधोमध, रेषेपलीकडे बॉल टेकवला आणि त्याच्याशेजारी बसून राहिली.

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात मला माइकपाशी बोलावण्यात आलं, कारण नियमाचे कागद माझ्या पर्समध्ये होते, रेवूच्या लंगोटांखाली. ज्या पानावर हा नियम होता त्यावर खिमटीचा डाग पडला होता. मी आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. आवाज इतका थरथरत होता की मलाच वाटलं मी खोटं बोलतेय. रेफरी म्हणाला, "बरोबर आहे." आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो. विजेता संघ म्हणून. वार्ताहराने बातमी भोंग्याबरोबरच पाठवली होती. आमचं नाव खाली, उपविजेते.

करुणाच्या वडिलांनी चहाच्या टपरीवर कोणाकडून तरी वाचून घेतलं. घरी येऊन म्हणाले, "तू तं म्हनत होती जितलो."

"जितलो ना बाबा. टाइम संपल्यावर जितलो."

"मंग ते पेपरात कसं येईन?"

*

बोरकुटे सर मधे एकदा मोटरसायकलवरून पडले आणि त्यांचं उजवं कोपर धरलं. हात धड सरळ होईना. प्रॅक्टिसला रेफरी तेच असायचे.

आता रग्बीत पेनल्टी दिली की रेफरी हात सरळ ठेवून वर करतो. लहान गुन्ह्याला फ्री किक असते, तेव्हा हात कोपरात वाकवून वर करतो. फरक जिवावरचा आहे. वेळ संपल्यावर पेनल्टी बाहेर मारली तर मॅच चालू राहते, फ्री किक बाहेर मारली तर खलास. म्हणून पोरींना सवयच लावली होती, आधी हात बघा, मग बॉल.

सरांनी शिट्टी मारली, हात वर केला. नसरीन बॉल घेऊन उभी. मारेना.

"अगं मार ना."

"सर, हात सरळ आहे का वाकडा?"

"सरळ आहे."

"वाकडा दिसून राह्यला."

"इतकाच होते तो सरळ. पेनल्टी आहे."

पुढच्या वेळी पुन्हा तोच हात. "आता?" नसरीनने विचारलं. सर चिडले, "आता फ्री किक. दिसत नाही का?"

नसरीन करुणाकडे वळली. "कॅप्टन, तू सरच्या कोपराकडे नको पाहू. तोंडाकडे पाह्य. जास्त वाकडं झालं का पेनल्टी."

*

विभागाची स्पर्धा गडचिरोलीला झाली. तिथे एका शहरातली टीम होती. बूट, बॅगा, पाण्याच्या सारख्या बाटल्या. स्क्रममध्ये डोकी एकमेकींत अडकलेली असताना त्यांची एक पोरगी म्हणाली, "ई, मासळीचा वास येतोय." दुसरी हसली. मी रेषेच्या अगदी जवळ होते, मला ऐकू आलं. मी सरांना म्हटलं, तक्रार करू. सर म्हणाले, "काय तक्रार करता? वासाचा नियम आहे का तुमच्या कागदात?"

नव्हता. मी पुन्हा पाहिलं.

करुणाने त्या मॅचमध्ये दोन ट्राय केले. दोन्ही वेळा त्याच पोरीच्या हातातून सुटून. मॅच झाल्यावर त्या पोरी मोबाइल घेऊन आल्या, गोड बोलत, "दीदी, एक सेल्फी?"

करुणाने केस नीट केले. "या ना," म्हणाली. "फोटोत वास नाई येत."

*

विभागाच्या फायनलचा शेवटचा ट्राय मी पाहिला नाही. कागदोपत्री टीमची मॅनेजर मी होते, पण पाहिला नाही. नेमकी त्याच वेळी रेवूला शी लागली आणि शौचालय मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. परत आले तर सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, ओरडताहेत. मला वाटलं भांडण झालं. मी रेवूला एका अनोळखी बाईच्या हातात दिलं आणि सोडवायला धावले.

"मॅडम, जितलो," कोणीतरी ढिगातून सांगितलं. राज्याला जायचं ठरलं.

घरी पोहोचले तर सासूबाईंनी दारातच विचारलं, "कशी झाली मॅच?"

"जिंकलो."

"शेवटी कोणी केलं?"

"माहीत नाही."

"पोरगी जेवली का?"

मला तेही आठवेना. खरंच आठवेना. केळं दिलं होतं, पण ते हिने खाल्लं का त्या अनोळखी बाईने, सांगता येईना. एकाच दिवशी दोन्हीकडून हरणं फक्त मलाच जमतं.

सासूबाई रेवूला उचलून आत गेल्या. जाता जाता रेवूला म्हणाल्या, "चल, आपण दोघी जिंकलो."

*

राज्याला जायचं तर ट्रॅकसूट हवेत. ऐन वेळी कुठून येणार? हेडमास्तरांनी कपाट उघडलं आणि गेल्या वर्षीच्या कबड्डीच्या पोरांचे ट्रॅकसूट काढून दिले. पाठीवर पोरांची नावं छापलेली. नसरीनच्या वडिलांनी दोन दिवसांत सगळ्यांच्या कमरा आत घेऊन दिल्या, पण छापलेली नावं निघेनात. उकळत्या पाण्यात टाकली, रॉकेल लावलं. नावं घट्ट. करुणाच्या वाट्याला प्रफुल आला, नसरीनच्या वाट्याला गजानन.

स्पर्धा पुण्याकडे. तिथे नाव नोंदवायच्या टेबलावरच्या बाईंनी करुणाची पाठ पाहिली. "प्रफुल? हे मुलीचं नाव आहे का तुमच्याकडे?"

"नाई," करुणा म्हणाली. "हा आमच्याकडचा पोरगा आहे. मांगच्या वर्षी हारला तो."

सही करून झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं. आता ती हसत नव्हती.

"मॅडम, सर्टिफिकेटवर नाव माझंच येईन ना? ह्याचं नाई ना येणार?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि मग ती गेल्यावर पुन्हा टेबलाशी जाऊन विचारून आले.

*

आता हा शेवटचा.

राज्याच्या आधी बोरकुटे सर एका शिबिराला जाऊन आले आणि इंग्रजी होऊन आले. तोवर आमची टीम सगळं मराठीत बोलायची. बाहेर मार, मागे दे, पाड तिला, उठ. सर म्हणाले, "स्टेटला असं चालत नाही. तिथे सगळे इंग्रजी शब्द वापरतात. आपल्याला झाडीपट्टीतले गावंढळ समजतात ते याच्यामुळेच." पोरी हो म्हणाल्या. मीही मान डोलावली. इंग्रजीच्या बाईने इंग्रजी नको कसं म्हणायचं?

सेमीफायनल आम्ही वाईट हरलो. राहिली तिसऱ्या नंबरची मॅच. आमच्यासाठी तीच फायनल. पहिल्या तिघांत आलं की करुणाचं काम झालं.

सकाळी नाश्त्याच्या वेळी करुणाला घरून फोन आला. ती माझ्या शेजारीच बसली होती, आईचा आवाज मला ऐकू येत होता. गाडी ठरली आहे, मुकादम दारात उभा आहे, तुझं नाव सांगू का?

"दुपारी सांगतो," करुणा म्हणाली आणि फोन ठेवून दोन पोळ्या जास्त घेतल्या.

मॅच शेवटपर्यंत हातात होती. कधी त्या पुढे, कधी आम्ही. शेजारच्याच मैदानावर दुसरी मॅच चालू होती. सगळीकडून शिट्ट्या, कोणती कोणाची कळेना. वेळ संपली तेव्हा आमचे दहा, त्यांचे चौदा. बॉल आमच्याकडे. त्यांच्या एका पोरीने खाली पडलेल्या बॉलवर हात घातला. आमच्या मैदानावरची शिट्टी. रेफरीचा हात वर, चांगला सरळ. पेनल्टी.

गोलाचे तीन गुण घेऊन काही होणार नव्हतं. चारने मागे होतो. ट्रायच हवा होता, आणि आम्ही मैदानाच्या मध्यावर. करुणाने क्षणात ठरवलं. नसरीनने बॉल बाहेर मारायचा, होईल तितका त्यांच्या टोकाजवळ. तिथे रांगा लागतील, बॉल आपण फेकू आणि करुणा तो वरच्या वर घेईल. त्या स्पर्धेत रांगेतला एकही बॉल तिच्या हातातून सुटला नव्हता. तिने फक्त त्या टोकाकडे बोट दाखवलं आणि धावत सुटली.

नसरीनने बॉल खुणेवर ठेवला. तेवढ्यात बाहेरून सर ओरडले.

"टच, नसरीन. टच. आधी टच घे."

शिबिरात त्यांना शिकवलं होतं की मैदानाच्या बाजूच्या रेषेला टच म्हणतात. त्यांना म्हणायचं होतं, बाहेर मार. पण आमच्याकडे टच म्हणजे काय, ते रेवूसुद्धा सांगेल. नसरीनने सरांकडे पाहिलं, मान हलवली. खाली वाकली. पायाचं टोक बॉलला हळूच लावलं. मग बॉल उचलला आणि मारला.

तशी किक तिने त्याआधी कधी मारली नव्हती. बॉल रेषेवरून तरंगत गेला आणि त्यांच्या टोकाच्या अगदी जवळ, जिथे करुणाने बोट दाखवलं होतं तिथेच बाहेर पडला. मी रेवूला हवेत उचललं.

रेफरीने लांब शिट्टी मारली. दोन्ही हात खाली घेतले. समोरच्या टीमचे सर उड्या मारायला लागले.

बोरकुटे सर आत धावले. "साहेब, पेनल्टी होती. वेळ संपली तरी बाहेर मारता येते. लाइन आमची आहे."

"येते," रेफरी शांतपणे म्हणाला. "थेट मारली तर. त्यांनी आधी बॉलला पाय लावला. पेनल्टी तिथेच घेऊन झाली. नंतर मारला तो साधा बॉल. तो बाहेर गेला. मॅच संपली."

कागद माझ्या पर्समध्येच होता. काढायची गरज नव्हती. तो बरोबर बोलत होता.

सर नसरीनकडे वळले. तोंड पांढरं पडलं होतं. "तुला मी टच घे म्हटलं होतं ना? ऐकू नाही आलं?"

नसरीनला अजून कळलंच नव्हतं. ती दम खात, हसत उभी होती.

"घेतला ना सर टच. मंग बाहेर मारला."

आमच्या पोरी एक एक करून खाली बसल्या. त्यांच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणीतरी मैदानावरचे झेंडे उपटायला घेतले. तेव्हा मी पाहिलं, लांब, त्या टोकाला, करुणा एकटी उभी होती. बॉल जिथून बाहेर गेला त्या जागेसमोर, रेषेपासून बरोबर अंतर ठेवून, गुडघे किंचित वाकवलेले, दोन्ही हात वर. शेजारच्या मैदानावर शिट्ट्या वाजतच होत्या.

कोणीतरी जायला हवं होतं. सर नसरीनपाशीच होते. मॅनेजर मी.

रेवूला कडेवर घेऊन मी गेले. तिच्या समोर उभी राहिले. "करुणा," म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हात वरच होते.

"मॅडम, मधात नका येऊ," ती म्हणाली. "लाइन लागून राह्यली."